घड्याळाच्या जागी मोबाइल आला, वॉटसनच्या जागी कोण?

पावसाळी_दुपार (धागाकर्ती)

(होम्सला आजच्या काळात आणणाऱ्या दोन मालिका, बीबीसीची 'शेरलॉक' आणि अमेरिकन 'एलिमेंटरी', यांचे शेवट खाली उघड केले आहेत. पाहायच्या राहिल्या असतील तर आधी पाहून या.)

माझी मुलगी नववीत आहे. तिने बीबीसीची 'शेरलॉक' आधी पाहिली आणि पुस्तकं आता वाचायला घेतली. मला होम्स भेटला तो भालबा केळकरांच्या अनुवादांतून, वाचनालयाच्या पुठ्ठा घातलेल्या प्रतींमधून. गेल्या आठवड्यात रात्री आम्ही दोघी 'द साइन ऑफ फोर' मोठ्याने वाचत होतो. घड्याळाचा प्रसंग आला आणि ती ताडकन उठून बसली. "आई, हे तर मोबाइलचं आहे!"

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. १८९० सालची कादंबरी. होम्सची परीक्षा घ्यायची म्हणून वॉटसन खिशातलं घड्याळ काढून त्याच्या हातात देतो. होम्स भिंगातून पाहतो आणि बोलायला लागतो. घड्याळ तुझ्या थोरल्या भावाचं, त्याआधी वडिलांचं. भाऊ निष्काळजी, कारण एवढं महागाचं घड्याळ त्याने किल्ल्या आणि नाण्यांबरोबर एकाच खिशात ठेवलं. झाकणाच्या आत सावकाराने टोचलेले चार आकडे, म्हणजे ते पुन्हा पुन्हा गहाण पडलं आणि पुन्हा पुन्हा सोडवलं गेलं. आणि चावी घालायच्या भोकाभोवती ओरखडेच ओरखडे. रात्री चावी देताना दारुड्याचा हात थरथरतो, त्याच्या या खुणा.

आता २०१०चा पहिला भाग, 'अ स्टडी इन पिंक'. शेरलॉक आणि जॉन टॅक्सीत बसलेत. जॉनच्या फोनवर किल्ल्या-नाण्यांचे चरे आहेत. मागे 'हॅरी वॉटसन' या भावंडासाठी त्याच्या बायकोने, क्लाराने, कोरून घेतलेली अक्षरं. आणि चार्जर लावायच्या जागेभोवती बारीक ओरखडे, कारण रात्री फोन चार्जिंगला लावताना हात थरथरतो. एकशेवीस वर्षांनी घड्याळाचा फोन झाला, गहाणखत गेलं, मोडलेला संसार आला, आणि थरथरणारा हात तसाच राहिला. इतकं नेमकं रूपांतर मी क्वचित पाहिलं आहे. मालिकेचे कर्ते स्टीव्हन मोफॅट आणि मार्क गॅटिस यांनी मूळ कथा नुसत्या वाचलेल्या नाहीत, त्यांच्या अंगात मुरलेल्या आहेत, हे त्या एका प्रसंगात कळतं.

पण मुलीने पुढचा परिच्छेद ऐकला आणि मला एक प्रश्न विचारला. त्यासाठी हा धागा काढते आहे.

पुस्तकात होम्सचं बोलणं संपल्यावर वॉटसन खुर्चीतून उठतो आणि दुखऱ्या पायाने खोलीत फेऱ्या घालायला लागतो. त्याचा समज होतो की होम्सने आधीच चौकशी करून ठेवली आहे आणि आता जादू केल्याचा आव आणतो आहे. मेलेल्या भावाची अशी चिरफाड त्याला सहन होत नाही. आणि होम्स त्याची माफी मागतो. म्हणतो, मी याच्याकडे केवळ एक कोडं म्हणून पाहत होतो, तुझ्यासाठी ते किती दुखरं असेल हे मी विसरलो.

मालिकेत जॉन म्हणतो, "अफलातून!"

मुलीचा प्रश्न: "मालिकेतल्या जॉनला वाईट का नाही वाटलं?"

मी त्या रात्री उत्तर देऊ शकले नाही. मग आठवडाभर रोज रात्री जुने भाग पुन्हा पाहिले आणि माझं एक मत झालं. होम्सला आजच्या काळात आणताना कोट, टोपी, पाइप, घोडागाडी यांचं काय करायचं हा सोपा भाग आहे. पाइपच्या जागी निकोटिनचे पॅच लावले, तारेच्या जागी मेसेज आला, वॉटसनच्या टिपणवहीच्या जागी ब्लॉग आला. आणि अफगाणिस्तान तर बदलावंही लागलं नाही. १८८०मध्ये मैवंदच्या लढाईत जखमी झालेला डॉक्टर २०१०मध्येही त्याच देशातून जखमी होऊन परत येऊ शकतो, हा इतिहासाचा केवढा क्रूर योगायोग. अवघड आहे तो वॉटसन. तो जोवर माणूस म्हणून पूर्ण उभा असतो तोवर होम्सची बुद्धी आपल्याला गोड वाटते. तो नुसता टाळ्या वाजवणारा झाला की समोर उरतो एक हुशार, उद्धट मनुष्य.

बीबीसीच्या पहिल्या दोन सीझनमध्ये जॉनचं काम करणाऱ्या मार्टिन फ्रीमनने हा तोल फार सुंदर सांभाळला. चौथ्या सीझनपर्यंत तो गेला होता, आणि याचा माझ्याजवळ एक पुरावाही आहे. 'थ्री गॅरिडेब्ज' ही कथा आठवा. कथेचं कोडं साधंच आहे, पण शेवटी इव्हान्स नावाचा गुन्हेगार गोळी झाडतो, ती वॉटसनच्या मांडीला लागते, आणि आयुष्यात पहिल्यांदा होम्सचा मुखवटा गळून पडतो. त्याचे ओठ थरथरतात. तो इव्हान्सला सांगतो की वॉटसन मेला असता तर तू या खोलीतून जिवंत बाहेर पडला नसतास. वॉटसन लिहितो की त्या थंड चेहऱ्यामागची माया कळण्यासाठी एक काय, अनेक जखमा झाल्या असत्या तरी चाललं असतं. साठ कथा-कादंबऱ्यांमधली माझी सगळ्यात आवडती जागा.

२०१७च्या 'द फायनल प्रॉब्लेम'मध्ये गॅरिडेब हे नाव येतं. तीन गॅरिडेब भाऊ दोराने टांगलेले असतात. त्यांतल्या कोणी इव्हान्सला मारलं ते शेरलॉकने ओळखायचं. तो ओळखतो, आणि हा खेळ मांडणारी त्याची बहीण युरस तिघांनाही समुद्रात सोडून देते. नाव घेतलं, कोडं घेतलं, जखम टाकून दिली. जॉन बाजूला उभा राहून पाहतो.

'एलिमेंटरी'बद्दलही लिहायचं होतं, पण पोस्ट लांबली. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. मुलगीही वाचते आहे.

शाईपेन

वाचनखूण साठवली. गॅरिडेबचं कधी लक्षातच आलं नव्हतं. तो भाग पाहताना काहीतरी खटकलं होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं.

घाटमाथा

धागा आवडला, पण घड्याळाच्या मुद्द्यावर असहमत.

एक तर पुस्तकातला भाऊ वारलेला आहे. मालिकेतली हॅरी जिवंत आहे, फोन तिनेच दिलेला आहे. दुःखाची जातच वेगळी. दुसरं असं की हा प्रसंग दोघांच्या पहिल्या भेटीनंतर लगेच येतो. 'साइन ऑफ फोर'मध्ये ते जुने सोबती आहेत. अनोळखी माणसाने असं काही सांगितलं तर आधी थक्कच व्हायला होईल, दुखावणं त्यानंतर.

आणि 'अफलातून' म्हटल्यावर शेरलॉकचा चेहरा आठवा. तो विचारतो, तुला खरंच असं वाटतं? लोक सहसा असं म्हणत नाहीत. मग काय म्हणतात? चालता हो म्हणतात. आयुष्यभर ज्याला 'चालता हो' ऐकायला मिळालं त्याला पहिल्यांदा कोणीतरी मनापासून दाद देतं. ती मैत्री तिथे सुरू होते. ही टाळी रिकामी नाही.

शिवाय त्याच दृश्याच्या शेवटी शेरलॉक चुकतो. हॅरी हा भाऊ नाही, हॅरिएट नावाची बहीण आहे. "काहीतरी राहतंच," असं तो स्वतःवर चिडतो. पुस्तकात होम्सला माफी मागावी लागते, मालिकेत त्याला चूक कबूल करावी लागते. दोन्हीकडे वॉटसनमुळेच त्याचे पाय जमिनीवर येतात.

पावसाळी_दुपार (धागाकर्ती)

@घाटमाथा, बहिणीच्या चुकीचा मुद्दा एकदम पटला. मुलीला वाचून दाखवला, तीही म्हणाली "हां, हे बरोबर आहे." पहिल्या भागाविषयी माझी तक्रार मागे घेते. गॅरिडेबवर मात्र ठाम आहे.

लंडनवासी_मी

मी लंडनला येऊन चौदा वर्षं झाली. बेकर स्ट्रीटवर पर्यटकांची रांग असते, पण मालिकेतलं २२१बी, म्हणजे होम्सचं घर, तिथे नाही. ते चित्रित झालं नॉर्थ गॉवर स्ट्रीटवर, यूस्टन स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. मालिकेत खाली दिसणारा 'स्पीडीज' कॅफे खरंच तिथे आहे. शेजारचा काळा दरवाजा चित्रीकरणाच्या दिवशी २२१बी व्हायचा, एरवी त्यावर १८७ आकडा. आतलं घर तर वेल्समधल्या स्टुडिओत उभारलेलं.

मला सांगायचं आहे ते बार्ट्स हॉस्पिटलबद्दल. पुस्तकात होम्स आणि वॉटसन पहिल्यांदा भेटतात ते याच बार्ट्सच्या प्रयोगशाळेत, आणि मालिकेतही तिथेच. मग जानेवारी २०१२मध्ये 'द रायकनबाख फॉल' लागला आणि शेरलॉकने उडी मारली तीही बार्ट्सच्याच गच्चीवरून. जिथे भेट, तिथेच ताटातूट. मूळ कथेत होम्स जिथे मेला असं सगळ्यांना वाटतं तो स्वित्झर्लंडचा रायकनबाख धबधबा सोडून त्यांनी ही जागा निवडली, हा मला त्या मालिकेतला सगळ्यात हळवा निर्णय वाटतो.

मी त्या वसंतात तिथून रोज जायचो. हॉस्पिटलशेजारच्या लाल टेलिफोन बूथच्या काचा चिठ्ठ्यांनी भरून गेल्या होत्या. माझा शेरलॉकवर विश्वास आहे, असं कितीतरी भाषांत लिहिलेलं. पावसाने शाई ओघळायची, दुसऱ्या दिवशी नव्या चिठ्ठ्या. १८९३मध्ये होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल याने होम्सला मारलं तेव्हा वाचक हळहळले होते असं आपण वाचतो. मी ते डोळ्यांनी पाहिलं, फक्त एकशेअठरा-एकोणीस वर्षांनी.

आणि जॉन थडग्यापाशी उभा राहून "मेलेला राहू नकोस" म्हणतो, तो प्रसंग वॉटसनशिवाय होऊच शकत नाही. म्हणून धागाकर्तीशी पूर्ण सहमत.

अर्धविराम

परतीचा प्रसंगही जोडीला जोड लावून पाहण्यासारखा आहे. मूळ 'द एम्प्टी हाऊस'मध्ये (१९०३) होम्स म्हाताऱ्या पुस्तकविक्रेत्याच्या वेषात येतो, वेष उतरवतो आणि वॉटसनला भोवळ येते, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची. शुद्धीवर आल्यावर तो आनंदाने होम्सचा दंड चाचपून पाहतो. तीन वर्षं फसवलं याचा राग जवळजवळ नाहीच. मालिकेत शेरलॉक हॉटेलात वेटर बनून येतो आणि जॉन त्याला ठोसे लगावतो.

इथे मला नवं रूपांतर मूळ कथेपेक्षा जास्त खरं वाटलं. दोन वर्षं ज्याचं सुतक पाळलं तो समोर येऊन विनोद करायला लागला तर माणूस आधी मारणारच. धागाकर्तीच्या मुलीचा जो प्रश्न आहे ना, जॉनला वाईट का नाही वाटलं, त्याचं उत्तर तिसऱ्या सीझनच्या या भागात मिळतं. वाईट वाटतं, फार वाटतं.

जुनाट_रेडिओ

माझं वय अडुसष्ट. नव्या मालिका मुलाने लावून दिल्या म्हणून पाहिल्या, आवडल्याही. पण वॉटसनचा विषय निघाला आहे तर जेरेमी ब्रेटचं नाव न घेता पुढे जाता येणार नाही. ग्रॅनडा टेलिव्हिजनची मालिका, १९८४ ते १९९४, एक्केचाळीस भाग. काळ व्हिक्टोरियनच ठेवला होता, तेव्हा 'आधुनिक' या शब्दात ती बसत नाही. तरी आज ज्या वॉटसनबद्दल तुम्ही बोलताय तो पडद्यावर आणला त्यांनीच.

त्याआधी वॉटसन म्हणजे नायजेल ब्रूस. बॅसिल रॅथबोनबरोबरच्या चित्रपटांतला गोंधळलेला, धडपडणारा, प्रेमळ म्हातारा. लोक त्यालाच खरा वॉटसन समजायला लागले. पण अशा माणसाबरोबर होम्स एका घरात वर्षानुवर्षं राहील कशाला? ग्रॅनडाने आधी डेव्हिड बर्क आणि मग एडवर्ड हार्डविक यांना घेतलं. दोघांचाही वॉटसन लष्करात राहिलेला, समंजस, वेळेला पिस्तूल हातात घेणारा. हार्डविक तर नुसता ऐकत बसलेला असला तरी त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं की होम्सची आज तब्येत बरी नाही.

आणखी एक. आजच्या काळात आणणं ही २०१०ची कल्पना नाही. रॅथबोनच्या चौदा चित्रपटांतले पहिले दोन सोडले तर १९४२पासूनचे बाकीचे त्यांच्या 'आज'मध्येच घडतात. सुरुवातीच्या काहींत होम्स थेट नाझींच्या हेरांशी लढतो. मोफॅट-गॅटिस यांनी त्या चित्रपटांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलेलं आहे.

रेल्वेलाइन

मी मुद्दाम 'शेरलॉक'च्या चौथ्या सीझनची बाजू घेणार आहे, कारण तो सरसकट नावडता झाला आहे.

'द यलो फेस' ही कथा घ्या. होम्सचा तर्क साफ चुकतो. नॉर्बरीतल्या त्या घरात कोणी खंडणीखोर नसतो. मुखवट्यामागे असते बाईची पहिल्या लग्नाची मुलगी, कृष्णवर्णीय वडिलांची. नवरा त्या लेकराला उचलून घेतो, मुका घेतो आणि बायकोचा हात धरून निघतो. होम्स वॉटसनला सांगतो, यापुढे मला माझ्या हुशारीचा गर्व व्हायला लागला तर कानात फक्त 'नॉर्बरी' म्हण.

'द सिक्स थॅचर्स'मध्ये शेरलॉक आपली हुशारी दाखवत एका साध्या दिसणाऱ्या बाईला डिवचत राहतो. तिचं आडनाव नॉर्बरी. ती गोळी झाडते आणि ती मेरीला लागते. जॉनची बायको जाते. मग शेरलॉक घरमालकीण मिसेस हडसनना सांगतो, मी गर्वाने बोलायला लागलो तर मला नॉर्बरीची आठवण करून द्या. मूळ कथेत चुकीची किंमत शून्य होती, इथे ती जॉनने मोजली. आणि लक्षात घ्या, हे तो जॉनला सांगू शकत नाही, कारण जॉन त्याचं तोंडही पाहायला तयार नाही. मला तर वाटतं वॉटसनची रिकामी जागा इतकी कुठेच बोचत नाही.

'द फायनल प्रॉब्लेम'ची बाजू मात्र मीही घेणार नाही.

पावसाळी_दुपार (धागाकर्ती)

@रेल्वेलाइन, हे माझ्या नजरेतून पूर्ण निसटलं होतं. शनिवारी 'द यलो फेस' वाचू आणि मग तो भाग पुन्हा पाहू. मनापासून आभार.

ताम्हण

मी इथे सहसा लिहीत नाही. 'एलिमेंटरी'बद्दल कोणी लिहील म्हणून वाट पाहिली, आता मीच लिहिते.

२०१२ ते २०१९, सात सीझन, १५४ भाग. जॉनी ली मिलरचा शेरलॉक लंडनहून न्यूयॉर्कला आलेला, हेरॉइनच्या व्यसनातून नुकताच बाहेर पडलेला. लुसी ल्यूची जोन वॉटसन पूर्वी सर्जन होती. तिच्या हातून एक रुग्ण दगावला आणि तिने शस्त्रक्रिया सोडली. आता ती व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेल्या माणसांबरोबर राहायचं काम करते. शेरलॉकच्या वडिलांनी तिला सहा आठवड्यांसाठी नेमलेलं असतं.

अनेकांना वाटतं की ही अमेरिकन टीव्हीची शक्कल आहे. तसं नाही. 'द साइन ऑफ फोर'चं पहिलंच पान होम्सच्या हातातल्या कोकेनच्या सुईने उघडतं आणि वॉटसन त्याला अडवायचा प्रयत्न करतो. पुढे 'द मिसिंग थ्री-क्वार्टर'मध्ये वॉटसन सांगतो की त्याने होम्सला हळूहळू या सवयीपासून दूर नेलं, पण तो राक्षस मेलेला नाही, झोपलेला आहे, आणि त्याची झोप सावध आहे, हे त्याला माहीत आहे. दोन-तीन वाक्यं आहेत फक्त. रॉबर्ट डोहर्टी यांची मालिका त्या दोन-तीन वाक्यांतून उगवली असंच मला वाटतं.

माझा धाकटा भाऊ साडेतीन वर्षांपूर्वी केंद्रातून घरी आला. दारू. त्यानंतरचे सहा महिने मी रजा टाकून त्याच्याबरोबर राहिले. त्या दिवसांत घरात काय असतं ते सांगते. संध्याकाळी सात वाजले की घड्याळाचा काटा ऐकू यायला लागतो. तो किराणा आणायला खाली गेला की मी गॅलरीत. पंधरा मिनिटांच्या वर गेला की फोन करायचा नाही असं स्वतःला बजावायचं, आणि सोळाव्या मिनिटाला फोन करायचा. तो रागवायचा. त्याचं बरोबर असायचं, माझंही.

हे सगळं त्या मालिकेत आहे. शेरलॉक मीटिंगला जायला कुरकुरतो, मग जातो, मग जायला लागतो. अल्फ्रेडो नावाचा त्याचा स्पॉन्सर आहे, म्हणजे व्यसनातून सावरताना आधार देणारा सोबती, एके काळी गाड्या चोरणारा. तो उपदेश करत नाही, शेरलॉकपुढे एक महागडी गाडी उभी करतो आणि म्हणतो, हिची अलार्म यंत्रणा फोडून दाखव. रिकाम्या मनाला काम देतो. आणि तिसऱ्या सीझनच्या शेवटी शेरलॉक पुन्हा हेरॉइन घेतो. तीन वर्षं सांभाळलेलं एका रात्रीत जातं. मी तो भाग अर्धवट बंद केला होता. दोन दिवसांनी उरलेला पाहिला.

तिथे वॉटसन टाळ्या वाजवायला नाही, आणि होम्सला माणसात आणायलाही नाही. ती बरोबर राहते, आणि बरोबर राहता राहता स्वतः बघायला शिकते.

नवखा_वाचक

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्हाला आणि भावाला शुभेच्छा.

घाटमाथा

@ताम्हण, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. 'एलिमेंटरी' मी तिसऱ्या-चौथ्या भागानंतर सोडली होती. दर आठवड्याला एक खून आणि एक उकल, या साच्याचा कंटाळा आला. पुन्हा सुरू करतो.

अर्धविराम

@घाटमाथा, पहिल्या सीझनच्या शेवटापर्यंत नक्की जा. शेरलॉकची प्रेयसी आयरीन ॲडलर हीच त्याची कट्टर शत्रू मोरियार्टी निघते, भूमिका नताली डॉर्मरची. ती जोनला भेटते आणि तिला शेरलॉकने पाळलेलं शुभचिन्ह म्हणून हिणवते. पण त्याच भेटीत जोन तिला ओळखते. हिला शेरलॉक अजूनही हवा आहे, हे जोनच्या लक्षात येतं, आणि त्याने अतिसेवन केल्याचं नाटक रचून सापळा लावायची कल्पना जोनचीच. शेरलॉक हॉस्पिटलच्या खाटेवरून मोरियार्टीला सांगतो की तुझं कोडं हिने सोडवलं. मग दोघं गच्चीवर मधमाश्यांच्या पेट्यांपाशी बसतात आणि तो मधमाशीच्या नव्या जातीला वॉटसनचं नाव देतो. मूळ होम्सही निवृत्तीनंतर ससेक्समध्ये मधमाश्या पाळतो, तेव्हा या मधमाश्या कुठून आल्या ते वाचकांना कळतं.

दोघांचं लग्न लावायचा मोह त्यांनी सात सीझन टाळला, याचीही दाद द्यायला हवी.

आडवाटेचा_दवाखाना

मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो, म्हणून 'हाऊस' या अमेरिकन वैद्यकीय मालिकेचा उल्लेख माझ्याकडून. २००४ ते २०१२. डॉक्टर हाऊस आणि डॉक्टर विल्सन, होम्स आणि वॉटसन. हाऊसच्या घराचा नंबरसुद्धा २२१बी आहे. कोणी याला होम्सचं रूपांतर म्हणत नाही, पण माझ्या मते हा होम्स आपल्या माहेरी परत गेला. कारण डॉयल स्वतः डॉक्टर, आणि होम्स घडला एडिंबरोच्या डॉ. जोसेफ बेल यांच्यावरून. बेल यांच्या बाह्यरुग्ण विभागात डॉयल मदतनीस होता. समोर आलेला रुग्ण सैन्यातून नुकताच सुटलेला आणि बार्बाडोसला राहिलेला, हे बेल यांनी त्याने तोंड उघडण्याआधी ओळखल्याची गोष्ट डॉयलने आत्मचरित्रात लिहिली आहे. टोपी काढली नाही म्हणजे सैन्याची सवय अजून सुटलेली नाही. हत्तीपाय झालेला, म्हणजे वेस्ट इंडीज.

हे आम्हाला रोज करावं लागतं. खोकल्यासाठी आलेला माणूस 'बिडी ओढत नाही' म्हणतो आणि त्याच्या तर्जनीचं टोक पिवळं असतं. पण ते बोट त्याला दाखवायचं की नाही, बायको शेजारी बसली असताना दाखवायचं की तिला बाहेर पाठवून, हे बेल शिकवत नाहीत. ते विल्सनकडून शिकायचं.

आणि शेवट बघा. होम्सने मेल्याचं सोंग घेतलं ते वॉटसनला तीन वर्षं अंधारात ठेवून. हाऊस मेल्याचं सोंग घेतो ते कॅन्सर झालेल्या विल्सनचे उरलेले पाच महिने त्याच्याबरोबर घालवता यावेत म्हणून. डॉक्टरी, नाव, सगळं सोडून. रायकनबाखची कथा इतकी उलटी फिरवून इतकी खरी कोणी केलेली मला माहीत नाही.

शाईपेन

गॅरिडेबच्या कथेला एक कायद्याची बाजूही आहे. अमेरिकेत डॉयलच्या शेवटच्या दहा होम्स-कथांवर बरीच वर्षं कॉपीराइट होता. २०१४मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की आधीच्या कथांमधली पात्रं सगळ्यांना खुली आहेत, संरक्षण फक्त उरलेल्या कथांना. पुढे २०२०मध्ये 'एनोला होम्स' चित्रपटाविरुद्ध डॉयल इस्टेटने, म्हणजे त्याच्या लेखनाचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेने, दावा लावला. त्यांचं म्हणणं असं की थंड, तर्कनिष्ठ होम्स भले सगळ्यांचा असेल, पण मायाळू, मित्राची काळजी करणारा होम्स त्या शेवटच्या दहा कथांत आला, म्हणून तो आमचा. गॅरिडेब त्याच दहांतली! १ जानेवारी २०२३ला शेवटच्या कथाही खुल्या झाल्या.

मला स्वतःला तो युक्तिवाद पटत नाही. घड्याळाच्या प्रसंगातली माफी १८९०ची आहे.

नवखा_वाचक

जपानची 'मिस शेरलॉक' (२०१८) कोणी पाहिली आहे का? आठच भाग. दोघीही बायका. वॉटसन सीरियातून परतलेली डॉक्टर, तिचं नाव वातो, म्हणून हाक मारताना 'वातो-सान' असं आपोआप होतं. मला युको ताकेउचीचं काम फार आवडलं. २०२०मध्ये ती गेली, त्यामुळे पुढचा सीझन नाही याचं वाईट वाटतं.

आपल्याकडे 'शेखर होम' आली २०२४मध्ये, के के मेनन आणि रणवीर शौरी. नव्वदच्या दशकातलं बंगाली गाव घेतलं, ना मोबाइल ना सीसीटीव्ही. डोळ्यांनी पाहण्यावाचून पर्याय नाही असा काळ निवडण्यात शहाणपण होतं.

जुनाट_रेडिओ

बंगालचा विषय निघाला म्हणून. दूरदर्शनवर १९९३मध्ये बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्षी' लागायची. रजित कपूर आणि के. के. रैना. आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग असायचा. रैनांचा अजित लेखक आहे, ब्योमकेशबरोबर राहतो, त्याच्या हकिकती लिहितो. काही आधुनिक केलं नाही, संगणकाची चमत्कृती नाही, फक्त दोन माणसं चहा पीत बोलतात. आजही पाहवते.

पावसाळी_दुपार (धागाकर्ती)

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मुलीने सगळे वाचले. तिने एक शोध लावला आहे, तो तिच्याच शब्दांत टाकते:

"आईने सांगितलं म्हणून मी 'ब्लांच्ड सोल्जर' वाचली. ती होम्सने स्वतः लिहिली आहे, वॉटसन नाही. त्यात होम्स म्हणतो की आता स्वतः लिहायला बसल्यावर कळतं, गोष्ट वाचकाला आवडेल अशी सांगावी लागते. आणि वॉटसन जवळ नाही म्हणून त्याला चुकल्यासारखं वाटतं. मला ती गोष्ट बाकीच्यांपेक्षा कमी आवडली, कारण होम्सला काय वाटतं ते होम्सच सांगतो. वॉटसन सांगतो तेव्हा आपल्याला ते दिसतं."

ताम्हण

@पावसाळी_दुपार, लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या.

हा धागा भावाला दाखवला. आधी त्याला विचारूनच त्याच्याबद्दल लिहिलं होतं, पण प्रतिसाद त्याने वाचले नव्हते. काल रात्री तो म्हणाला, लाव पुन्हा पहिला भाग. लावला. जोन सांगते की पुढचे सहा आठवडे मी तुझ्याबरोबर राहणार, शेरलॉक तिला खुनाच्या जागी घेऊन जातो, ती मागे मागे जाते, दारात थांबते, आत पाहते. भावाने तिथे पॉज केलं. म्हणाला, "तू गॅलरीतून बघायचीस ना, मला खालून दिसायचीस."

मला हे साडेतीन वर्षं माहीत नव्हतं. मग त्याने पुन्हा सुरू केलं आणि आम्ही दुसरा भागही पाहिला.